मामांच्या कॅसेटी आणि वसंतरावांची कट्यार

माझे एक ठाम मत आहे आणि त्यापायी सासुरवाडीच्या पंगतीत एकदा माझ्या पानातली संत्र्याची बर्फी तशीच राहिली आहे. मत असे की, 'कट्यार काळजात घुसली' ह्या नाटकाची गाणी ज्यांनी फक्त ध्वनिमुद्रिकेवरून ऐकली आहेत, त्यांनी ती अजून ऐकायची आहेत. माझे मेहुणे इंजिनियर आहेत. त्यांना मोजमापाची सवय. ते म्हणाले, "भाऊजी, पद तेच, गायक तोच, चाल तीच. मग फरक कशाचा?" मी त्यांना फरक सांगू लागलो, तो पानावरची माणसे उठून हात धुवायला गेली.

तो फरक आज लिहून काढतो. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला जरा लांबट वाटेल. पण ज्या गाण्यांविषयी हे आहे तीही काही आखूड नव्हती.

मी गवई नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शाळेत मुलांना शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. दोन्ही ठिकाणी आवाज वापरावा लागतो, सूर लागत नाही. शिवाय वसंतराव देशपांडे वारले ३० जुलै १९८३ रोजी, तेव्हा मी पाळण्यातून नुकता खाली उतरलो होतो. म्हणजे ज्या माणसाचे गाणे समोर बसूनच ऐकले पाहिजे असे मी भांडून सांगतो, त्याला मी समोर बसून कधीच ऐकलेले नाही! मेहुण्यांनी हे हेरले आणि बर्फीचा तुकडा मोडता मोडता मला तेच ऐकवले. त्याला माझे उत्तर माझ्या मामांच्या कॅसेटी. त्यांच्याकडे येतोच, पण आधी हे नाटक आमच्या नागपूरचे कसे, ते सांगू द्या. पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते सांगावे लागते.

नाटक लिहिले पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. जन्म १९२६. नागपुरात त्यांना सारे 'मास्तर' म्हणत, आणि हे नुसते आदराचे नाव नव्हते, ते खरोखरच शाळामास्तर होते. पुढे आकाशवाणीत गेले, दूरदर्शनवर गेले, तरी मास्तर ते मास्तरच राहिले. 'रंजन कला मंदिर' ही संस्था त्यांनी येथेच उभी केली आणि कित्येक नागपुरी पोरांच्या तोंडाला पहिल्यांदा रंग लावला. 'वऱ्हाडी माणसं' त्यांचेच. मास्तर १९९९ साली गेले. शाळामास्तराने असे नाटक लिहावे, ह्याचा मला व्यवसायबंधू म्हणून जो अभिमान वाटतो तो वाचकांनी थोडा सोसून घ्यावा.

आणि वसंतराव! जन्म मूर्तिजापूरचा, २ मे १९२०. वाढले नागपुरात. आईने एकटीने वाढवलेले मूल. येथेच शंकरराव सप्रे ह्यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या 'कालिया मर्दन' चित्रपटात हाच मुलगा कृष्ण झाला. नंतर लाहोरला मामांकडे गेला असता तेथे असद अली खाँ भेटले. त्यांनी मारवा हा एकच राग पुष्कळ दिवस घोटवून घेतला, अशी हकीकत आहे. मारव्याची गंमत जाणकार सांगतात ती अशी, की त्यात षड्जावर विसावता येत नाही. घर समोर दिसते आणि पाय मात्र उंबऱ्याशी अडखळतात. ज्या मुलाने कोवळ्या वयात महिनोन् महिने असे घराबाहेर उभे राहून काढले, तो पुढे कुठल्याही पदात सरळ दारातून आत आला नाही, तर त्यात नवल कसले? खिडकीतून येईल, कौलावरून उतरेल. पण समेला बरोबर माजघरात हजर!

पोटासाठी त्यांनी लष्करी हिशेबखात्यात वर्षानुवर्षे कारकुनी केली. सकाळी रियाज, दिवसा आकडे, रात्री मैफल. पुण्यात सुरेशबाबू माने ह्यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. तबलाही ते उत्तम वाजवीत, आणि दीनानाथ मंगेशकरांची ती झेपावणारी, अंगावर धावून येणारी गायकी त्यांच्या काळजात लहानपणापासून बसलेली होती. 'कट्यारी'चा पहिला प्रयोग प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा' संस्थेने २४ डिसेंबर १९६७ रोजी केला. त्या रात्री खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले म्हणून रंगमंचावर आलेला माणूस सत्तेचाळीस वर्षांचा होता. ह्या वयात आमच्यासारखे लोक निवृत्तिवेतनाची गणिते मांडू लागतात.

आता थोडे मागे जाऊ. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी माणसाला नाटक पाहायला जाणे आणि गाणे ऐकायला जाणे ही एकाच तिकिटात होणारी दोन कामे झाली. 'सौभद्र' १८८२ चे. १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी. आणि रागदारीचा सारा थाट नाटकाच्या तंबूत येऊन बसला. रात्री पडदा उघडे तो पहाटेच्या सुमारास पडे, आणि त्याला कारण 'वन्समोअर'. आज आपण वन्समोअर म्हणजे तेच पुन्हा असे समजतो. त्या काळचे श्रोते तेच पुन्हा ऐकायला वेडे नव्हते. बालगंधर्वांना पुन्हा गायला लावायचे ते आता ह्याच ओळीला कुठून वळण देतात, मघाची हरकत घेतात की तिला बगल देतात, हे पाहण्यासाठी. एखाद्या सुगरणीला आणखी एक मोदक वळायला सांगावे तसे. सांगणाऱ्याची नजर तिच्या बोटांवर असते.

ह्या सगळ्याचे शिखर म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेले 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन गळे, दोन वाटा, आणि मधे एकच नाटक. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्या रात्रीवर मराठीत बोलणे चालू आहे, आणि ते सारे ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांना सांगितलेल्या गोष्टींवर.

ध्वनिमुद्रिका त्याही काळी होत्याच. पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटे मिळत. अर्ध्या तासाचे पद त्यात कोंबायचे म्हणजे लग्नाची पंगत शिंक्यावर टांगायची! मुखडा, अंतरा, दोन ताना आणि संपले. पुढे बोलपट आले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि नाटक कंपन्यांचे तंबू उठले. मागे उरल्या त्या तबकड्या. पुढच्या पिढीने तबकडीलाच पद मानले. नातवंडांनी आजोबांचा पासपोर्टाचा फोटो पाहून, "आजोबा कधी हसतच नसत वाटतं!" असे म्हणावे, तसला हा प्रकार.

साठ सालानंतर संगीत नाटकाने पुन्हा डोके वर काढले. विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' १९६० चे, 'मंदारमाला' १९६३ चे. १९६४ च्या 'मत्स्यगंधे'त जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला नवा, आटोपशीर घाट दिला. अभिषेकींचे म्हणणे असे की पद नाटकाच्या अंगाबरोबर असावे, पायात घोळू नये. मला हे तत्त्वतः पटते. आणि ह्याच अभिषेकींनी 'कट्यारी'ला चाली देताना वसंतरावांसारखा माणूस समोर ठेवला, ह्याला काय म्हणावे? मांजराच्या पुढ्यात दुधाचे पातेले ठेवून त्याला संयमावर व्याख्यान देण्यासारखेच ते. पण माझ्या मते अभिषेकी पुरते ओळखून होते. त्यांनी त्या चालींत जागा सोडल्या आहेत, चौसोपी वाड्यात अंगण सोडतात तशा. तेथे बसायचे कुणी आणि किती वेळ, ते त्या त्या रात्रीवर.

ह्यात मास्तरांची करामतही आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जुन्या नाटकात नायिका दुःख झाले की गाते, राग आला की गाते, पत्र वाचतानाही गाते. ती फार वेळ गायली तर नाटक खोळंबते, आणि टीकाकारांची ती तक्रार रास्तच होती. मास्तरांनी नाटकच गवयांवर रचले. विश्रामपूरचे संस्थान. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब ह्यांची दोन घराणी. जिंकणाऱ्या राजगायकाला मानाची कट्यार, आणि तिच्याबरोबर एक खून माफ. पंडितजींची हवेली खाँसाहेबांकडे जाते. पंडितजींचे गाणे आत्मसात करू पाहणारा सदाशिव त्याच हवेलीत खाँसाहेबांची विद्या चोरून ऐकू लागतो. येथे गाणे हीच घटना आहे. खाँसाहेब एक तान घेतात तेव्हा कथानक थांबत नाही, ते त्या तानेत चाललेले असते. म्हणून एखाद्या रात्री वसंतराव दहा मिनिटे अधिक गायले, तर खाँसाहेबाचा अहंकार दहा मिनिटांनी अधिक वाढे, आणि शेवटी त्याचे उतरणे तितकेच अवघड होई. गाणारा लहरीप्रमाणे गातो आणि नाटकाला ते सोसते, असे नाटक मराठीत दुसरे मला तरी दिसत नाही.

'घेई छंद' हे एकच पद ह्या नाटकात दोन चालींत येते. एक पंडितजींच्या घराण्याची, संथ, ध्यानस्थ. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, अंगात वारे भरल्यासारखी. शब्द तेच. पहिल्या चालीतला भुंगा फुलावर बसला आहे, दुसऱ्या चालीतला उडतो आहे. लोक दुसरीवर टाळ्या देतात. मला वयाप्रमाणे पहिली अधिक आवडू लागली आहे, पण ते असो. मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर मास्तरांनी नाटकातच देऊन ठेवले आहे, एवढेच मला दाखवायचे होते. एकच पद दोन गळ्यांत दोन पदे होते. मी त्यापुढे एक पाऊल जातो आणि म्हणतो, एकाच गळ्यात दोन रात्री दोन होते.

आता मामा. माझे मामा एका सरकारी कचेरीत कारकून होते. महालात दोन खोल्या, खिडकीत तुळस आणि टेबलाखाली टेपरेकॉर्डर. सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास त्यांनी बोनसच्या पैशांतून तो घेतला, तेव्हा मामी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. त्यांना शिवणयंत्र हवे होते. 'कट्यार' जवळपास कुठे लागली की मामा रजा टाकीत, एस.टी.ने जात आणि ऑर्गनवाल्याच्या पायाशी आपला डबा ठेवू देण्याची विनवणी करीत. धनवटे रंगमंदिर तेव्हा होते. आता ते नाही. मामांच्या ओळखीचे आणखी चार-पाच जण होते, एक अमरावतीचे, एक अकोल्याचे, दोघे पुण्याचे. ते आपापसांत पोस्टाने कॅसेटी पाठवीत. एका कॅसेटीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक वेळी खरखर वाढे आणि वसंतराव एकेक खोली मागे सरकत.

अशीच मंडळी जगात इतरत्रही होती, हे मला फार उशिरा कळले. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक वाद्यवृंद निघाला. तीस वर्षे तो गावोगाव वाजवीत फिरला. एकच गाणे कधी पाच मिनिटे, कधी पाऊण तासाच्या घरात. कुठे वळेल ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. त्यांचे भक्त गावोगाव मागे फिरत आणि कॅसेटींची देवघेव करीत. पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. १९८४ पासून तर त्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागारात वेगळी जागाच नेमून दिली. १९९५ साली त्यांचा जेरी गार्सिया वारला आणि खेळ संपला. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची फीत आज अमेरिकेच्या राष्ट्रीय जतनयादीत आहे. मामांना हे ठाऊक असते तर ते म्हणाले असते, "पहा राजेहो, तिकडच्या सरकारला कळून राह्यलं, अन् इथं तुमच्या मामीला कळत नाही!"

मामांच्या पेटीत 'सुरत पिया की' ह्या पदाच्या तीन कॅसेटी होत्या. तारखा नाहीत. मामा तारखेऐवजी हवामान लिहीत. पहिलीवर 'थंडी कडाक्याची, खाँसाहेब खुशीत'. दुसरीवर 'उकाडा. ठीक'. तिसरीवर नुसते 'अरे बाप रे'.

ह्या पदात राग बदलत जातात; एका रागाच्या दारातून दुसऱ्यात, दुसऱ्याच्या परसातून तिसऱ्यात. ध्वनिमुद्रिकेवर हा प्रवास आगगाडीसारखा आहे, स्टेशने ठरलेली. पहिल्या कॅसेटीत सुरुवातीला आवाज तापायचा असतो, म्हणून वसंतराव सुरांवर न रेंगाळता लयीशी खेळू लागतात. शब्द तोडतात, मात्रांच्या फटींत बसवतात, समेच्या आधी अर्धी मात्रा थांबतात. तबलजी होणारा माणूस गवई झाला की काय होते ते ऐकावे तर येथे. श्रोते हसतात. गाण्यात हसू येणे ही मोठी दुर्मिळ गोष्ट आहे आणि ध्वनिमुद्रिकेवर ती कधीही सापडत नाही, कारण तेथे हसायला कुणी बसलेलेच नसते.

दुसरी कॅसेट निर्दोष आहे. जवळजवळ ध्वनिमुद्रिकेसारखी. टाळ्या भरपूर. आणि मामांचा शेरा 'ठीक'. लहानपणी मला हा शेरा अन्यायाचा वाटे. शाळेत शिकवू लागल्यावर मी तोच शेरा वह्यांवर देऊ लागलो आहे: सगळी गणिते बरोबर, अक्षर वळणदार, पण ह्या पोराने आज डोके वापरलेले नाही.

तिसरी कॅसेट ऐकायची ती दिवे मालवून. पहिली काही मिनिटे विशेष काही घडत नाही. मग एका ठिकाणी, जेथून पुढच्या रागात जायचे तेथे, वसंतराव जात नाहीत. एक सूर धरतात. पुन्हा त्याच सुरावर येतात. कुणीतरी खोकते. ऑर्गन एकदा पुढचा सूर सुचवून पाहतो आणि गप्प होतो. मग ते खाली उतरतात, इतके खाली की फीत फक्त श्वास टिपते, आणि तेथून जी तान निघते ती तीन रागांना एका धाग्यात ओवून वर येते. तबला मधे नुसता ठेका धरून आहे, जणू वाजवणारा स्वतःच ऐकत बसला आहे. आणि मग एक गृहस्थ, फितीत अगदी जवळ, हलक्या आवाजात म्हणतात, "आता काय करावं बा ह्या माणसाचं!" ते माझे मामा.

आमच्या विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की गायकनट इतका स्वैर झाला तर बाकीच्या नटांनी करायचे काय? सदाशिवाच्या भूमिकेत प्रसाद सावकार, झरीनेच्या भूमिकेत फैयाज, पंडितजी भार्गवराम आचरेकर. ही काही मागे उभी राहणारी माणसे नव्हेत. त्यांनी तशीच रंगमंचावर उभे राहून खाँसाहेबांची लहर संपायची वाट पाहायची? ह्या आक्षेपात तथ्य आहे. काही कॅसेटींत खाँसाहेबाचे गाणे इतके पसरते की पुढचा प्रवेश उरकल्यासारखा वाटतो. एक-दोन ठिकाणी मला स्वतःलाही वाटते, आता पुरे. पण दहातल्या ज्या एका रात्री ते गाणे आकाशाला लागते, तिच्यासाठी उरलेल्या नऊ रात्री मी माफ करायला तयार आहे. मास्तरांच्या कट्यारीला एक खून माफ असतो. माझ्याकडून वसंतरावांना नऊ.

चित्रपटातले वसंतरावही मला आवडतात. १९७९ च्या 'अष्टविनायक'मधले मुलीला निरोप देणाऱ्या बापाचे त्यांचे गाणे आमच्याकडे लग्नात लावले की मांडवातला वाढपीसुद्धा थांबतो. तेथे ताना नाहीत, लयीचे खेळ नाहीत. पण ते गाणे एकदाच आणि कायमचे गायलेले आहे, आणि तसेच ते हवे. मुलीला निरोप दर वेळी वेगळ्या पद्धतीने द्यायची सोय बापाला नसते.

आता आजची गोष्ट. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे ह्यांनी २०१० साली 'कट्यार' पुन्हा उभी केली, आणि २०१५ साली सुबोध भावे ह्यांनी तिचा चित्रपट केला. चित्रपटाच्या वेळी आमच्या पिढीतल्या शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. मी मुरडली नाही. त्यानंतरच्या वर्षी माझ्या वर्गातली पोट्टी डबा खाताना नाट्यपदे गुणगुणू लागली, हे मी ह्या कानांनी ऐकले आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्सला वसंतरावांच्या नावाचे सभागृह आहे, त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह पावसाळ्यात भरतो, आणि छत्री ठिबकवीत तेथे जाऊन बसण्यात माझा वर्षातला सर्वांत सुखाचा वेळ जातो. पण ह्याच गावात माझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत जे झाले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

सातवीतली मुलगी. वडील सीताबर्डीवर फुटाणे-शेंगदाण्यांची गाडी लावतात. आवाज असा की प्रार्थनेला ती पुढे उभी राहिली की मागच्या रांगेतली भांडणे थांबत. एका आंतरशालेय स्पर्धेसाठी तिने 'कट्यारी'तले पद घेतले. सरावात ती अंतरा दर वेळी निराळा म्हणे. कधी वर जाई, कधी वाटेतच वळून खाली येई, आणि कसे केले विचारले तर, "तसं होऊन गेलं सर" म्हणे. स्पर्धेत गुणांचा एक रकाना होता, 'मूळ चालीशी प्रामाणिकपणा', गुण दहा. परीक्षकांनी तिला त्यात दोन दिले. कारण लेखी होते: ध्वनिमुद्रिकेत असे नाही. घरी येताना बसमध्ये तिने विचारले, "सर, रेकॉर्डमध्ये जे नाही ते चुकीचं असतं का?"

मी तिला मामांची तिसरी कॅसेट ऐकवली. मामा तोवर गेले होते. माझ्या भाच्याने तिन्ही कॅसेटी संगणकावर उतरवून दिल्या होत्या. तिने ती ऐकली, डोळे मोठे केले, आणि पंधरा दिवसांनी ती सबंध तान पाठ करून मला म्हणून दाखवली. खोकल्याच्या जागेसह! जेथे ऑर्गन गप्प होतो तेथे तीही थांबली. मी हसावे की कपाळाला हात लावावा? ज्या रात्री एका माणसाने ठरलेली वाट सोडली, ती रात्र ह्या पोरीने ठरलेली वाट करून टाकली होती. मग मी तिला पहिली कॅसेट दिली, मग दुसरीही. आठवड्याने ती वैतागून आली. "सर, तिन्ही वेगळ्या आहेत. यातली खरी कोणती?" मी म्हटले, तिन्ही. तिला ते मुळीच आवडले नाही. सातवीच्या मुलीला खरे उत्तर एकच हवे असते. पुस्तकाच्या शेवटी छापलेले. पण त्यानंतर ती पुन्हा स्वतःच्या वाटेने वळू लागली, आणि आता अकरावीत आहे, आणि कुठल्याही स्पर्धेला जात नाही. वडिलांच्या गाडीपाशी संध्याकाळी गिऱ्हाईक नसले की गाते, असे ऐकतो. ह्याचे मला वाईट वाटते. त्या रकान्याचे दहा गुण एखाद्या परीक्षकाने 'आपण होऊन काय केले' ह्यासाठी ठेवून पाहावेत.

कॅसेटींची स्थिती चांगली नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात चाळीस-पंचेचाळीस वर्षे राहिलेली फीत. काही ठिकाणी ती पापडासारखी तडकते, काहींवर बुरशीचा पांढरा थर आहे. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या मंडळींच्या पेट्या त्यांच्या पश्चात रद्दीवाल्याकडे गेल्या. कुणा वाचकाच्या माळ्यावर, दिवाळीची साफसफाई करताना, वडिलांच्या अक्षरातल्या अशा कॅसेटी सापडल्या, तर त्या फेकू नयेत. उन्हातही ठेवू नयेत, आणि यंत्रात घालून लगेच वाजवून तर मुळीच पाहू नयेत. चिकटलेली फीत ओढली की तुटते. जाणत्या माणसाकडून त्या आधी उतरवून घ्याव्यात.

तिसऱ्या कॅसेटीचा शेवट मला ठाऊक नाही. ती तान वर येते, समेकडे झुकते, आणि खट् असा आवाज होऊन फीत संपते. पंचेचाळीस मिनिटांची बाजू होती. मामा सांगत की वसंतराव तार षड्जावर गेले आणि सभागृह उभे राहिले. त्यांचे अमरावतीचे स्नेही त्या रात्री शेजारच्याच खुर्चीत होते. ते शपथेवर सांगत की तसे काही झाले नाही. वसंतराव समेवर आलेच नाहीत, नुसता हात केला, तबल्याने सम गाठली आणि ते हसले. ह्यावरून दोघांचे तीस वर्षे पोस्टकार्डांवर भांडण चालले. ती पोस्टकार्डे मामींनी अजून जपून ठेवली आहेत, शिवणयंत्राच्या खणात.